रस्त्यात पडलेलं खोकं

खोकं रिकामं होतं. हे मला दिसत होतं, आमच्या मागच्या गाडीवाल्याला दिसत होतं, फुटपाथवर कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांनाही दिसत होतं. वाऱ्याबरोबर ते रस्त्यात चक्क कोलांट्या मारत होतं. नीलोफरला मात्र ते रिकामं दिसलं नाही. तिने स्टिअरिंग असं काही फिरवलं की आमची गाडी दुहेरी पिवळी रेघ ओलांडून थेट समोरून येणाऱ्या पिकअप ट्रकच्या स्वागताला निघाली.

मी ब्रेक दाबला आणि डाव्या हाताने स्टिअरिंग आपल्या बाजूला ओढलं. पिकअपवाला भलामोठा हॉर्न वाजवत, काच खाली करून आमच्या कुळाचा उद्धार करत निघून गेला. खोकं टुणटुणत गटाराकडे गेलं.

माझ्याकडे ब्रेक असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत इन्स्ट्रक्टरच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला असतो. स्टिअरिंग एक, ॲक्सिलरेटर एक, ब्रेक मात्र दोन. माझ्या मते ही सोय संसारातही हवी होती.

गाडी कडेला घेतली. नीलोफर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती. मला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणते. माझ्याकडे वळून अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाली, "खाला, आपने मुझ पर विश्वास नहीं किया."

"विश्वास? अगं, तू समोरच्या लेनमध्ये गेलीस! समोरून ट्रक येत होता!"

"लेकिन खाला," ती शांतपणे म्हणाली, "हम ज़िंदा हैं ना?"

टेस्टमध्ये जिवंत राहण्याला मार्क नसतात.

मी मंजिरी. मूळची अकोल्याची, गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची. आधी मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि मीटिंगमध्ये त्या गोड आवाजात सांगायच्या, हे काम. मग एका सोमवारी आमची अख्खी टीम लेऑफ झाली. मी घरी बसून स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावू लागले. तेव्हा लेक रेवा म्हणाली, "आई, तू माझ्या ड्रायव्हिंगवर रोज फुकट ओरडतेस. व्हाय नॉट डू इट प्रोफेशनली?" नवऱ्याने इतक्या घाईने दुजोरा दिला की मला संशय आला. पण मी परीक्षा दिली, इन्स्ट्रक्टरचं लायसन्स घेतलं आणि ग्लोरियाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागले.

ग्लोरिया मालकीण. मूळची फिलिपिन्सची, उंचीने माझ्या खांद्याला, आवाजाने आमच्या गावामागच्या मिशन पीक डोंगराला. तिने एक दिवस मला बोलावलं.

"मंजिरी, यू स्पीक इंडियन. ही अफगाण मुलगी तू घे."

"ग्लोरिया, अफगाण लोक इंडियन बोलत नाहीत. इंडियन अशी भाषाच नाही."

"तू घे."

आमच्या गावात अफगाण मंडळी पुष्कळ. हातभर लांब नान विकणाऱ्या बेकऱ्या आहेत, कबाबची दुकानं आहेत. त्यातल्याच एका बेकरीत नीलोफर काम करायची. वय वीसच्या आसपास, डोक्यावर सैलसर स्कार्फ, पायात चकाकते पांढरे स्नीकर्स. पहिल्या दिवशी मी इंग्रजीत सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आप हिंदी जानती हैं?"

काबूलमधली तिची शाळा ती नववीत असताना बंद झाली. शाळेची इमारत चालूच होती, बंद फक्त मुलींसाठी झाली. राज्य बदललं आणि सहावीच्या पुढच्या मुलींनी घरी बसायचं ठरलं. म्हणजे इतरांनी ठरवलं. बागेत जायचं नाही, जिममध्ये जायचं नाही, लांब कुठे जायचं तर घरचा पुरुष सोबत हवा. ती घरी बसली आणि फोनवर हिंदी सिरियल्स बघत राहिली. नंतर कुटुंब पाकिस्तानात निघालं, तिथे काही काळ अडकलं, तिथे कान आणखी तयार झाला आणि मग ते अमेरिकेला आले. त्यामुळे नीलोफरची हिंदी पक्की होती, पण ती सासू-सुनांची हिंदी होती. साधं "पाणी द्या" म्हणताना तिचा आवाज असा लागायचा की पाण्यात कोणीतरी विष घातलंय की काय असं वाटावं. माझी हिंदी अकोल्याची. "धीरे चला वो, माय" ही माझी ट्रॅफिकची सूचना. आम्हा दोघींचं संभाषण कुणी रेकॉर्ड केलं असतं तर हिंदीच्या प्राध्यापकांना चक्कर आली असती. आम्हाला मात्र नीट कळत होतं; इथे मी ते बरंचसं मराठीतच सांगतेय.

गाडी तिला येत होती. वडिलांनी इथे आल्यावर मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये शिकवली होती. पॅरलल पार्किंग माझ्यापेक्षा छान करायची. तरीही ती डीएमव्हीच्या ड्राइव्ह टेस्टमध्ये एकदा नापास झाली होती. डीएमव्ही म्हणजे आपलं आरटीओ, फक्त रांग सरळ असते. टेस्टमध्ये परीक्षक शेजारी बसतो आणि बारीकसारीक चुका मांडत जातो. त्या थोड्याफार चालतात. पण एखादी चूक धोक्याची असली तर तिला क्रिटिकल एरर म्हणतात. ती झाली की टेस्ट तिथेच खलास. नीलोफर रस्त्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीला चुकवायला समोरच्या लेनमध्ये गेली होती. परीक्षक म्हणाला, "मॅम, इट वॉज अ बॅग." तिला त्याचं म्हणणंच कळलं नाही. बॅग होती म्हणूनच तर ती वळली होती.

हे मला आधी विचित्र वाटलं. पण खोकं आणि पिशवी एवढंच नव्हतं. सिग्नलला ती पुढच्या गाडीच्या इतकी मागे थांबायची की मध्ये मिनीव्हॅन मावावी. एकदा खरंच एक मिनीव्हॅन आली आणि मावली. शेजारी मोटरसायकल आली की ती एक तर पुढे निसटायची, नाही तर मागे राहायची. शेजारी शेजारी म्हणून चालायची नाही. आरशात तर इतकी बघायची की मला वाटलं ही स्कार्फ ठीक करतेय. आणि कचऱ्याच्या दिवशी, जेव्हा गल्लीत प्रत्येक घरासमोर तीन-तीन डबे उभे असतात, तेव्हा गाडी अगदी रस्त्याच्या मधोमध, श्वास रोखून. तिचाही आणि माझाही.

ग्लोरियाला गाडीच्या मेकॅनिकने काहीतरी सांगितलं असावं.

"मंजिरी, त्या गाडीचे ब्रेक पॅड इतक्या लवकर कसे गेले?"

"नीलोफर."

"तिने कशाला धडक दिली?"

"कशालाच नाही. तोच प्रॉब्लेम आहे."

"हे बघ," ग्लोरिया म्हणाली, "आपल्या गाडीत ती पास झाली पाहिजे. तुला वाटत नसेल तर टेस्टला आपली गाडी देणार नाही. तिला सांग, काही महिने थांब."

पण नीलोफरला थांबायचं नव्हतं. तिचा एक बेत होता आणि तो तिने मला लाल सिग्नलला, चेहऱ्यावर पूर्ण क्लोजअप आणून सांगितला होता. "खाला, मैं स्कूल बस चलाऊँगी."

शेजारच्या गावात शाळेच्या बसखात्याला माणसं हवी होती. आधी बसमध्ये मदतनीस म्हणून काम, मग लायसन्सचा रेकॉर्ड स्वच्छ राहिला तर ड्रायव्हरचं ट्रेनिंग, तेही पगारी. सकाळी मुलं सोडायची, दुपारी आणायची, मधल्या वेळात ॲडल्ट स्कूलमध्ये जाऊन राहिलेली हायस्कूलची परीक्षा पुरी करायची. हिशोब चोख होता. अडचण एकच होती. मदतनिसाला बसच्या डेपोत भल्या पहाटे पोचायचं असतं आणि त्या वेळेला तिकडे जाणारी एकही बस नाही. बसमध्ये चढायला जायला बस नाही. म्हणून गाडी, म्हणून लायसन्स. आणि शाळा सुरू व्हायच्या आत मिळालं नाही तर जागा दुसऱ्याला.

मी आधी तोंडाने समजावलं. हे बघ, हे अमेरिका आहे. इथे खोकं म्हणजे खोकं. लोकांच्या ट्रकमधून पडतं. ती मान डोलवायची, "समझ गई, खाला" म्हणायची आणि पुढच्या पिशवीला पुन्हा तेच.

मग मी माझ्या जुन्या नोकरीतला उपाय काढला. टेस्टिंगमध्ये एखादी चूक पकडायची तर ती मुद्दाम, पुन्हा पुन्हा, सुरक्षित जागी घडवून आणायची असते. आमच्या घराजवळ एक चर्च आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांचं पार्किंग मोकळं असतं. तिथल्या पास्टरना विचारलं, ते हो म्हणाले. मी इंडियन ग्रोसरीतून रिकामी खोकी मागून आणली. आंब्यांची, फ्रोझन पराठ्यांची, एक मोठं पापडांचं. ती मी लॉटमध्ये अंतराअंतराने मांडली.

"आता हळूहळू जा आणि आंब्याच्या खोक्यावरून गाडी ने."

ती निघाली. खोक्याच्या कितीतरी आधी थांबली. गिअर 'पार्क'वर टाकला. उतरली. खोक्याभोवती लांबून एक चक्कर मारली, हात न लावता वाकून बघितलं, परत येऊन बसली आणि म्हणाली, "नहीं."

"अगं, रिकामं आहे! मी स्वतः आणलंय!"

"आपने देखा, मैंने नहीं देखा."

तेव्हा मी जे केलं त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. मी उतरले, तरातरा गेले आणि त्या खोक्यावर चढून उभी राहिले. ते पुरेसं वाटलं नाही म्हणून उड्या मारल्या. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई चर्चच्या आवारात आंब्याच्या खोक्यावर नाचतेय. ऑफिसच्या खिडकीतून पास्टर बघत होते. त्यांनी हात हलवला. मीही हलवला.

नीलोफर आधी हसली. इतकी हसली की स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. आणि मग एकदम काच खाली केली आणि अगदी वेगळ्या, सिरियलमधल्या नसलेल्या आवाजात म्हणाली, "खाला, वहाँ से हट जाओ. प्लीज़."

मी हटले. गाडीत येऊन बसले. तिने गाडी खोक्यापासून आणखी मागे घेतली.

"कोणी शिकवलं हे तुला?" मी विचारलं.

"बाबाजान ने. खेल था."

पुढच्या लेसनला मी तिच्या बाबांना बोलावलं. रहमतभाई. शिडशिडीत, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या, शर्टाला कडक इस्त्री. एअरपोर्टच्या शटलवर ड्रायव्हर होते. येताना बायकोने केलेली बटाट्याची बोलानी घेऊन आले. बोलानी म्हणजे आपल्या आलू पराठ्याची काबूलकडची चुलतबहीण. ते मागच्या सीटवर बसले आणि आधी मुलीची तक्रार केली.

"मॅडमजी, आप समझाइए इसे. मी मुलीला या देशात डॉक्टर करायला आणलं आणि ही म्हणते बस चालवणार!"

"बाबाजान, मैं नौवीं में रुकी हूँ," नीलोफर आरशात बघून म्हणाली. "डॉक्टर होईपर्यंत म्हातारी होईन. आधी बस."

"बस मी चालवतोय ना! घरात एक ड्रायव्हर पुरे!"

हे भांडण मला ओळखीचं वाटलं. आमच्या महाराष्ट्र मंडळात दर कोजागिरीला कुठल्या ना कुठल्या टेबलावर हेच चालू असतं. पालक जगात कुठूनही आला तरी त्याला मेडिकलच हवं असतं. मी त्या दोघांना थांबवून खेळाबद्दल विचारलं.

रहमतभाई काबूलमध्ये एका परदेशी मदतसंस्थेचे ड्रायव्हर होते. सकाळी कामावर जाताना लेकीला शाळेत सोडायचे. ती सहा-सात वर्षांची, पुढच्या सीटवर. त्या रस्त्यांवर कुठल्याही डब्यात, पिशवीत, कचऱ्यात काय लपवलं असेल याचा भरवसा नव्हता. ड्रायव्हरला एकाच वेळी सगळीकडे बघता येत नाही. म्हणून त्यांनी एक खेळ काढला. रस्त्यात पडलेली वस्तू जो आधी बघेल तो जिंकला. लेक ओरडायची, "डबा!" ते लगेच गाडी वळवायचे. "पिशवी!" वळवायचे. बऱ्याचदा तीच जिंकायची. जिंकली की शाळेच्या गेटवर एक चॉकलेट.

"तिची नजर फार तेज," ते कौतुकाने म्हणाले. "मी बारा गावचं पाणी प्यालेला ड्रायव्हर, पण ती माझ्या आधी बघायची."

"आणि ते डबे?" मी विचारलं. "रिकामेच असायचे ना?"

"हो, हो. नेहमी रिकामे. तेलाचे, तुपाचे." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदा नव्हता."

नीलोफरने बोलानीचा डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला. आम्ही तिघांनी खाल्लं.

मग मी म्हटलं, "रहमतभाई, खेळ तुम्ही सुरू केलात. आता संपला असं तुम्हीच सांगा तिला. तुम्ही स्वतः त्या खोक्यावरून गाडी न्या. तिने बघितलं की तिचा विश्वास बसेल."

त्यांना पटलं. ते ऐटीत पुढे येऊन बसले, आरसा लावला, सीट सरकवली. "देखो बेटी," म्हणाले आणि निघाले. पापडाचं खोकं समोर आलं. गाडी सरळ जात होती. अगदी सरळ. आणि मग खोक्याच्या तोंडाशी, कुणीतरी कान पिळल्यासारखी, गर्रकन डावीकडे वळली.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा तेच. या वेळी उजवीकडे.

तिसऱ्या खेपेला रहमतभाईंनी डोळे मिटले. मी माझा ब्रेक दाबला, कारण डोळे मिटून गाडी चालवणं कुठल्याच देशात चालत नाही. मागच्या सीटवर नीलोफर पोट धरून हसत होती. "बाबाजान! आप भी!" तेही हसायला लागले. मिशांवर पाणी येईपर्यंत हसले. पास्टर या वेळी बाहेर येऊन, आम्हाला काही मदत हवी आहे का असं विचारून गेले.

त्या दिवशी मला उलगडा झाला. मी भलतीच गोष्ट दुरुस्त करत होते. खोक्यावरून गाडी नेता आली पाहिजे, असा नियम कुठे आहे? आमच्या पुस्तकात तर उलट लिहिलंय: रस्त्यात वस्तू दिसली तर टाळा. फक्त टाळायची रीत ठरलेली आहे. लांबूनच वेग कमी करा. आरसा बघा. शेजारची लेन रिकामी असेल तर सिग्नल द्या, मान वळवून बघा आणि मग जा. रिकामी नसेल तर थांबा. आणि लांबवर बघत राहणं ही गोष्ट मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला घसा कोरडा करून सांगते. टीनएजर मुलांना पुढच्या गाडीची डिकीसुद्धा दिसत नाही. या मुलीला पुढच्या चौकातलं झाडाचं पान दिसत होतं. वाईट होतं ते फक्त शेवटचं, गर्रकन वळणं.

"नीलोफर, खेळ चालू ठेवू," मी म्हटलं. "पण नियम नवा. 'डबा' म्हटलंस की वळायचं नाही. आधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. मग आरसा. मग सिग्नल. मग मान. मग वळायचं. वळता येत नसेल तर थांबायचं. जो हे सगळं करेल तो जिंकला."

"और चॉकलेट?"

"पास झालीस तर."

रहमतभाई म्हणाले, "मॅडमजी, इतना सब करने का टाइम वहाँ नहीं था."

"माहीत आहे, रहमतभाई. इथे आहे."

पुढचे काही आठवडे आम्ही फ्रीमाँटभर ओरडत हिंडलो. ती "पिशवी!" म्हणायची, मी "पाय!" म्हणायची. ती "आरसा, सिग्नल, मान" असं मराठीत म्हणायला शिकली. तिला ते मंत्रासारखं वाटायचं. सिग्नलला किती मागे थांबायचं यावर आमचा वाद झाला. मी सांगितलं, पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेव, तेवढं पुरे. ती चमकली. "बाबाजान भी यही बोलते हैं! चाकं दिसली पाहिजेत म्हणजे वळसा घालून पळता येतं." मी पुस्तक काढून बघितलं. कारणही जवळजवळ तेच दिलं होतं, फक्त 'पळता' हा शब्द नव्हता. एवढं एक अंतर तिने निमूट कमी केलं. कचऱ्याच्या दिवशी मी मुद्दाम त्याच गल्ल्यांतून नेलं. पहिल्या आठवड्यात तिने तोंडाने श्वास घेतला. नंतर गाणं गुणगुणू लागली.

ग्लोरियाने विचारलं, "गाडी देऊ?"

"दे."

"शुअर?"

"पॅड नवे टाक आणि दे."

टेस्ट जुलैमध्ये होती. मी आणि रहमतभाई डीएमव्हीच्या बाहेर बाकावर बसलो. ते रस्त्यावर काही पडलेलं दिसतंय का ते मान उंच करून बघत होते. मीही बघत होते. मला तर समोरच्या झाडाखालचा कॉफीचा कागदी कप उचलून टाकायची इच्छा झाली. टाकलाही.

गाडी परत आली. परीक्षक, जाडजूड, गॉगल लावलेला माणूस, बराच वेळ तिच्याशी बोलत होता. तो उतरून गेला तरी नीलोफर बसूनच. मी काचेवर टकटक केलं.

"काय झालं?"

"खाला, कुछ नहीं था! रस्त्यात काहीच नव्हतं! एक पिशवी नाही, एक खोकं नाही. मी वाट बघत होते!" ती चिडली होती. एवढी तयारी करावी आणि पेपरात तो प्रश्नच येऊ नये.

"मग तो एवढं काय सांगत होता?"

"शाळेपुढे मी फार हळू गेले म्हणून. तो म्हणाला, सुट्टी आहे, शाळेत कुणी नाही, एवढं हळू का? मी म्हटलं, सर, एखादं मूल येऊ शकतं. तो म्हणाला, जुलै महिना आहे. मी म्हटलं, तरी."

"आणि?"

"एक चूक लिहिली." मग तिने तो सिरियलवाला पॉज घेतला. आधी माझ्याकडे, मग बाबांकडे बघितलं. फक्त पार्श्वसंगीत नव्हतं. "और फिर... पास कर दिया."

रहमतभाईंनी माझे दोन्ही हात धरून हलवले, मग आपल्या डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, मग पुन्हा काढली. मी पर्समधलं चॉकलेट दिलं. शब्द म्हणजे शब्द.

मग त्यांनी खिशातून स्वतःच्या जुन्या गाडीची किल्ली काढली आणि लेकीपुढे धरली. "एक चक्कर. अकेली."

ती एकटी बसली. लॉटमधून बाहेर पडली, ब्लॉकला वळसा घालून परत आली, दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये गाडी लावली आणि बंद केली. मग तिने फोन काढून काबूलला व्हिडिओ कॉल लावला. तिथे रात्र होती. शबनम, तिची चुलतबहीण, तिच्याच वर्गातली, तिच्याबरोबरच नववीतून घरी बसलेली. तिचं कुटुंब तिथेच राहिलं होतं. काच उघडी होती, त्यामुळे आम्हाला ऐकू येत होतं. भाषा त्यांची होती. रहमतभाई मला हळू आवाजात हिंदीत सांगत होते.

"ती विचारतेय, तू चालवलीस? नीलोफर म्हणते, हो. विचारतेय, शेजारी कोण बसलं होतं? चाचा? नीलोफर म्हणते, कोणी नाही. ती म्हणते, खोटं. नीलोफर म्हणते, कसम."

मग शबनम काहीतरी म्हणाली आणि रहमतभाई थांबले.

"काय म्हणाली?"

"म्हणते, ती सीट दाखव."

नीलोफरने फोन वळवला. रिकाम्या सीटवर एक टिश्यूचा डबा पडला होता. फोनमधून पुन्हा काहीतरी आवाज आला. नीलोफरने हात लांब करून तो डबा उचलला आणि मागे टाकला. "म्हणते, ते पण काढ," रहमतभाई म्हणाले. "पूरी खाली दिखा." ती फोन तसाच धरून बसली. त्या सीटवर आता काहीच नव्हतं आणि काबूलमध्ये एक मुलगी ते बघत होती. बराच वेळ बघत होती. रहमतभाई डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. मी ग्लोरियाला फोन लावला, कारण मलाही कुठेतरी बघायचं होतं.

"पास?" ग्लोरियाने विचारलं.

"पास."

"ओह, थँक गॉड. पुढच्या आठवड्यात तिची आई येतेय. तिने आधीच बुक केलंय."

नीलोफर बसखात्यात लागली. आधी मदतनीस, मग ट्रेनिंग, आता पिवळी बस चालवते. हायस्कूलची परीक्षाही झाली. रहमतभाई सुरुवातीला लोकांना सांगायचे, "बेटी ट्रान्सपोर्टेशन मॅनेजमेंटमध्ये आहे." हल्ली बसच सांगतात, पण "फिलहाल" हा शब्द जोडतात. आई माझ्याकडे शिकते. ती गाडीत एक शब्द बोलत नाही आणि सुसाट जाते. तो वेगळा विषय आहे.

गेल्या महिन्यात मी चिन्मयला शिकवत होते. पुण्याचा मुलगा, एच-वन व्हिसावर नोकरीला नुकताच आलेला, बाइक चालवून चालवून सगळं येतं असा समज असलेला. रेल्वे क्रॉसिंगपाशी आमच्या पुढे शाळेची बस होती. ती रुळांच्या अलीकडे थांबली. दिवे चमकले. दार उघडलं. काहीच होईना.

"काकू, ट्रेन कुठे आहे?" चिन्मय म्हणाला. "फाटकही वर आहे. यार, ही थांबली कशाला?"

मी समजावलं. इथे कायदा आहे. स्कूल बसने रुळांपाशी प्रत्येक वेळी थांबायचंच. ड्रायव्हरने दार उघडायचं, दोन्हीकडे बघायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच जायचं. रोज सकाळी बस काढण्याआधी तिच्याभोवती चक्कर मारून, वाकून खालीही बघायचं. नव्या ड्रायव्हरांना हे सांगून सांगून ट्रेनरचा जीव जातो. नीलोफरला मात्र सांगावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी ट्रेनर यायच्या आत ती बसखाली वाकून बघत होती, हे मला तिनेच फोनवर फार नवलाने सांगितलं होतं. "खाला, यहाँ इसके पैसे देते हैं!"

"पण ट्रेन नाहीये ना," चिन्मय म्हणाला.

"नाहीये. तिला बघू दे."

दार मिटलं, बस रूळ ओलांडून गेली. मागच्या काचेतून कुणीतरी पोराने आम्हाला जीभ दाखवली.

या धंद्यात मी एवढंच शिकले. विद्यार्थ्याची चूक मोडून काढण्याआधी ती कुठे बरोबर होती, ते एकदा विचारून घ्यावं. काही सवयी मोडायच्या नसतात, त्यांना योग्य गाडी मिळवून द्यायची असते. बाकी चिन्मयची सवय मात्र मोडायचीच आहे. तो अजून मान वळवून बघत नाही.